जावयाच्या मानाची गादी

मित्रांनो, मी गादी आहे. जुनी म्हटलेलं मला आवडत नाही, पण आहे खरी. बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, त्या वर्षीचा कापूस माझ्या पोटात आहे. खामगावच्या व्यापाऱ्यानं तो डागी म्हणून परत पाठवला. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात सोजराबाईंनी त्या ढिगाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "विकत नाही तं निजाले होईल." मग मेहबूब पिंजाऱ्यानं मला पिंजलं, खोळीत भरलं, टाके घातले. इतकी जाड गादी गावात दुसरी नव्हती. हे मी माझ्याच तोंडानं सांगते, दुसरं कोण सांगणार?

माझ्यावर निजायचा मान एकट्या जावयाचा, इंद्रभानरावांचा. एरवी मी पत्र्याच्या पेटीवर गुंडाळून असे आणि सोजराबाई सतरंजीवर झोपत. मला भारी गुर्मी चढली होती.

एका उन्हाळ्यात मेहबूबची लेक आलिमा ओट्यावर आली. ती गावची आशाताई. माणसाचा श्वास बंद पडला तर छाती कशी दाबायची, हे बायकांना शिकवायचं होतं. शिकवायचा बाहुला तालुक्यालाच राहिला, म्हणून मलाच दोरीनं बांधून रोगी केलं. सोजराबाईंची लेक जयमाला माहेरी आली होती. तिनं मला असं काही दाबलं की माझा सगळा रुबाब धुळीला मिळाला.

"अन् शेळीले असं झालं तं?" सोजराबाईंनी विचारलं.

"तिले कुशीवर घ्यायचं, मावशी."

"दाखव बरं."

शेळी धडधाकट होती, तिला कशाला हवी ही सेवा? चौघींनी आडवी केली तशी ती उसळून उठली आणि आलिमाचं रजिस्टर तोंडात धरून उकिरड्याकडं पळाली. सगळ्या बाया तिच्यामागं. आलिमा नेमकी तेव्हाच सांगत होती, "माणूस कडक जमिनीवर पाहिजे, गादीवर नाही." ते ऐकायला मी एकटीच उरले होते. मला ते मुळीच आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी इंद्रभानराव बायकोला न्यायला आले. हातपाय धुतले आणि ओल्या पायांनी कूलरला हात लावला. शॉक बसून ते जागीच कोसळले. जयमालानं आधी मेन स्विच पाडला, मगच नवऱ्याला हात लावला. श्वास नव्हता. कोणी ॲम्ब्युलन्सला फोन केला, कोणी आलिमाला हाक मारली. सोजराबाईंनी मात्र मला अंथरलं आणि शेजाऱ्यांकडून जावयाला उचलवून माझ्यावर ठेवलं.

जयमाला दाबू लागली. मित्रांनो, दबत होता माझा कापूस. इंद्रभानरावांची छाती तशीच राहत होती, ते नुसते माझ्यात रुतत होते. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. ज्या मऊपणाचा मी तोरा मिरवला, त्याचीच मला लाज वाटली.

आलिमा धावत आली. "खाली घ्या त्यायले, फरशीवर."

सोजराबाई आडव्या आल्या. "भुईवर मेल्या माणसाले घेतात. माहा जवाई मेला नाही."

"गादीवर राह्यले तं मरतील, मावशी."

सोजराबाईंनी लेकीकडं पाहिलं. ती घामानं निथळत होती, पण हात थांबले नव्हते. मग त्यांनी शेजाऱ्यांना जावई धरायला लावला आणि मला असा हिसका दिला की मी थेट अंगणात, शेळीच्या पायाशी.

तिथून मी छाती दाबतानाची नुसती मोजणी ऐकत होते. जयमाला थकली की आलिमा, आलिमा थकली की जयमाला. कितीतरी वेळानं एक घोगरा खोकला ऐकू आला, आणि सोजराबाई मोठ्यानं रडायला लागल्या. गाडी आली आणि इंद्रभानरावांना बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेली.

आठ दिवसांनी इंद्रभानराव परत आले, दोन फासळ्या तडकलेल्या. म्हणाले, "सासुरवाडीत हात जोडतात, हाडं मोडतात हे नव्हतं माईत." जयमाला म्हणाली, "मंग पुढच्या बारीले शेळीकडून दाबून घेजा."

मित्रांनो, छाती दाबायला शिका आणि शिकवणारीचं शेवटपर्यंत ऐका. मला ऊन दाखवा, अधूनमधून पिंजून घ्या, एवढं तर मी मागणारच. पण घरात कोणाचा श्वास थांबला तर मानपान पाहत बसू नका. मला ओढून फेका, मी राग धरणार नाही. त्याला भुईवर घ्या. भुई काही मेलेल्यांचीच नसते. इंद्रभानराव तिथूनच उठले.