संध्याकाळी उकलायचं कापड

रविवार आला की आमच्या सुनेला, श्वेताला, घर खायला उठतं. मग नागपूरच्या बेस्यातल्या फ्लॅटला कुलूप आणि आम्ही सगळे गाडीत. रामटेक झालं, नगरधनचा किल्ला झाला, अडाशाचा गणपती झाला. या वेळी तिनं पवनी काढली. जुना दरवाजा, वैनगंगेचे घाट आणि कुठल्याशा घरी चालू हातमाग. पवनी म्हणजे माझं सासर. चालू माग कोणाच्या घरी उरलाय, हे मीच तिच्या कानात सांगितलं होतं. यांना नाही सांगितलं.

आम्ही कोष्टी. हे आणि यांचे थोरले भाऊ कवडू शेजारशेजारच्या मागांवर बसायचे. लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तसे हे मौद्याच्या वीज केंद्रात कामाला लागले आणि मागावरचं लुगडं अर्धं टाकून निघाले. आमच्यात असं उठत नाहीत. धागा घट्ट बसवताना प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा. दुसऱ्यानं पुढं विणलं की जोड दिसतो. कवडूभाऊ दारात उभे राहून बोलले, "आता या घरात येशीन तं मागावर बसाले येजो. पाहुणा म्हणून नोको येऊ."

हेही त्याच आईचे. दहा-बारा वर्षं गेलेच नाहीत. लग्नंकार्यं मी एकटीनं सांभाळली आणि प्रत्येक वेळी "हे काहून नाही आले?" याला नवी थाप मारली. दोघांच्या हट्टापायी माझ्या थापा संपायला आल्या होत्या. भाऊ सत्तरीला टेकले, डोळ्यांत मोतीबिंदू. अजून किती वाट पाहायची?

भिवापूरला रस्त्याकडेला मिरच्या वाळत होत्या, तिथं हे बोलू लागले. "बाजाराच्या दिवशी दोघं एका सायकलवर येत होतो इथं. दादा पायडल मारे आन् मी मागं लुगड्याइचा गठ्ठा धरून. चढावर मी उतरतो म्हटलं तं उतरू नाही दे."

घाटावर फोटो झाले. जुन्या दरवाज्यातून आत शिरलो. पूर्वी इथं पाऊल टाकलं की गल्लीगल्लीतून मागांची खटखट यायची, दोन माणसांना ओरडून बोलावं लागायचं. आता सगळं चिडीचूप. श्वेतानं गाडी थांबवली आणि घर बघून यांचा चेहरा उतरला.

"अवं, हे तं दादाचं घर व्हय! मी गाडीतच बसतो."

"काहून? पाहुणा म्हणून नोको येऊ म्हणे ना भाऊ?" मी म्हटलं. "तुम्ही कुठचे पाहुणे! तुम्ही तं टुरिस्ट."

श्वेतानं हसू दाबत सासऱ्यांचा हात धरला.

आत कवडूभाऊंची सून भूमिका होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. भाऊ मागच्या खोलीत चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होते. माग बघायला येणाऱ्यांना सांगायचं ते नेहमीचं भूमिकानं बोलून घेतलं, "बसा, हा आडव्या धाग्याचा धोटा फेकून पाहा. बिघडलं तरी चालते. लोकाइनं दिवसभर विणलेलं बाबा संध्याकाळी उकलून टाकतात."

यांनी चपला काढल्या. मागाला हात लावून कपाळी नेला आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले. पहिल्या दोन फेकी वाकड्या गेल्या. मग हात लागला. फणीचे दोन ठोके कडक, तिसरा जरा सैल. लग्न होऊन आले तेव्हा हाच आवाज ऐकत मी चूल पेटवायची. देवा, आता तरी भाऊंना ऐकू जाऊ दे, मी मनात म्हणाले.

चरखा थांबला. भाऊ भिंत चाचपत बाहेर आले आणि विणलेल्या कापडावर पंजा टेकवला.

"तिसरा ठोका अजूनई ढिलाच मारून राहिला गा तू."

यांच्या हातातला धोटा तसाच राहिला. "हो दादा."

"मागावर बसाले आला?"

"हो."

"मंग जेवूनच जाय."

जेवताना भाऊंनी चाचपून चाचपून यांच्या भातावर तीनदा वरण वाढलं. दुपारून माग बघायला नागपूरची आणखी मंडळी आली. त्यांच्या पोरांनी, बायांनी धोटा फेकून मनसोक्त घोळ घातला. हे ओट्यावर बसून बघत होते. श्वेता चारदा घड्याळ दाखवून गेली, पण उठायचं नाव नाही.

दिवस कलला तसे भाऊ मागाशी आले. बोटांनी अंदाज घेत ते आणि भूमिका एकेक आडवा धागा काढू लागले. पोरांचं गेलं, बायांचं गेलं. मग भाऊंचं बोट थांबलं. त्यांनी ते पुन्हा एकदा कापडावरून फिरवलं.

"बस. याच्या खाली नोको उकलू. हे घरचं हाय."

"पण बाबा, तुमी पुढं विणसान तं जोड दिसंन ना," भूमिका म्हणाली.

"दिसू दे," कवडूभाऊ म्हणाले.