फटी भरायच्या नाहीत

“फटी लिंपल्याच ना पुन्हा! मी बसवायचं आणि ह्यांनी बुजवायचं. काम आहे की थट्टा, ताई?” धाकटा गुडघ्यांवर बसून छिन्नीने सिमेंट खरवडत होता आणि स्वतःशीच बोलल्यासारखं करून थोरलीला ऐकवत होता.

“हळू बोल. ऐकू जाईल.”

“जाऊ दे की. तेवढं तरी होईल.”

बाबा पलीकडे, बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून मन लावून थापी पुसत होते.

दुकान बंद झालं तशी ही गाड्या लावायची जागाही ओस पडली होती. डांबराला भेगा, आणि पाऊस झाला की सगळं पाणी उतारावरून थेट मागच्या इमारतीच्या तळघरात. आता डांबर उखडून खाली जाड खडी, वर बारीक, आणि त्यावर ठोकळे बसवायचे होते, मुद्दाम फटी ठेवून. फटींत नुसती बारीक खडी. पाणी तिथून झिरपणार, उरलंसुरलं कडेच्या खोलगट वाफ्यात उतरणार. थोरलीने स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं मोठं काम.

बाबांचा जन्म गळत्या थांबवण्यात गेलेला. त्यांनी हात लावलेली गच्ची कधी गळली नाही. अशा माणसाला उघडी फट बघवेल कशी? म्हणून घरात सगळे म्हणत, हट्टी आहेत झालं. हट्टी म्हणणं सोयीचं होतं. हट्टी माणसाला दवाखान्यात न्यावं लागत नाही.

पण थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुरुवातीलाच बाबांनी सगळी रचना समजून घेतली होती, वर खूश होऊन म्हणाले होते, “उलटंच की गं! आम्ही जन्मभर पाण्याला हाकललं, तुम्ही त्याला या बसा म्हणताय.” आणि त्याच दुपारी स्वतः सिमेंट कालवून पहिली रांग भरून टाकली. हट्टी माणूस विचारलं की भांडतो. बाबा हसले होते. चुकून परक्या घरात शिरलेला माणूस हसतो तसे.

“इंजिनिअर मॅडम पाणी सोडून बघायला यायच्या आत बाबांना सांग,” धाकटा म्हणाला.

“तू सांग.”

“मी बोललो की भांडण होतं. तू लाडकी.”

“म्हणूनच तर जमत नाहीये, शहाण्या!”

तिने मोजपट्टी उघडली, काही न मोजता मिटली. वाफ्याशी गेली, परत आली. पायरीपर्यंतही गेली. बाबांनी मान वर करून विचारलं, “जेवलीस का?” ती “हो” म्हणाली आणि तशीच मागे फिरली. जेवली नव्हती.

इंजिनिअर मॅडम टँकर घेऊनच आल्या. पाणी सोडलं. ठोकळ्यांवर पसरलं न पसरलं तोच खाली गडप झालं. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू फुटतंय तोवर कोपऱ्यात एक डबकं चकाकलं. ही रांग दोघांच्या नजरेतून सुटली होती.

“इथे काय झालं?”

“पोतं चुकलं, मॅडम, खडीऐवजी सिमेंटचं उघडलं,” धाकटा म्हणाला.

“माझं लक्ष नव्हतं,” थोरली त्याच दमात म्हणाली.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “चूक होते, उकरून काढा. पण पुन्हा होणार नाही, एवढं सांगा. नाहीतर पुढचा भाग मी तुमच्याकडे देऊ शकत नाही.”

धाकट्याने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने पायरीकडे.

तेवढ्यात बाबा आले. वाकले. पाण्यात हात घालून त्यांनी भरलेल्या फटीवरून अंगठा फिरवला.

“कुणी केलं हे? फटी भरायच्या नाहीत म्हणून सांगितलंय ना सगळ्यांना?” त्यांचा आवाज चढला. “मॅडम, शोधून काढा बरं कोण आहे तो. हात चांगलाय हं, सफाई बघा. पण डोकं ठिकाणावर नाही त्याचं. असल्या माणसाला कामावर ठेवू नये.”

धाकट्याने छिन्नी टाकली आणि पाठ फिरवली.

थोरली बाबांच्या शेजारी खाली बसली, त्या डबक्यातच. साडी भिजली. तिने त्यांचा ओला हात धरला.

“तुम्ही केलंत हे, बाबा,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला ते आठवत नाहीये.”