आतून न धुतलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे. निळसर रंगाची, एक लिटरची, रुंद तोंडाची. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आताच मुरडून घ्या, कारण माझी गोष्ट घाणीची आहे. ती सांगताना मला स्वतःलाही किळस येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम, मऊ प्लास्टिकची नळी साच्यात धरली, तिच्यात जोरात हवा भरली, आणि मी तयार झाले. तेव्हा माझ्या पोटात हवेशिवाय काही नव्हतं. पुढे गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रीने मला विकत घेतलं, माझ्या गळ्याला दहा मीटर नायलॉनची दोरी घट्ट बांधली, आणि मी कामाला लागले.

मेस्त्रीची धाकटी बहीण शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर वाकून बसायची आणि रविवारी समुद्रात पोहायची. मेस्त्री तिला ‘मासोळी’ म्हणायचा, मग तिच्याबरोबर होडी नेणाऱ्या काकांनीही तेच नाव उचललं. वय एक्केचाळीस. तिला समोरच्या बेटापर्यंत पोहत जायचं होतं. पण त्यासाठी आधी एक परीक्षा होती: थंड पाण्यात सलग सात तास, निरीक्षक बाईंच्या डोळ्यांसमोर.

या पोहण्याचा नियम कडक असतो. पोहणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही, आणि होडीतल्या माणसाने पोहणाऱ्याला. मग खाणंपिणं कसं? तर दर अर्ध्या तासाने मला पाण्यात फेकायचं. तिने पाठीवर तरंगत प्यायचं, मला सोडून द्यायचं, आणि मेस्त्रीने दोरी ओढून मला परत घ्यायचं. माझ्यात कोमट पाण्यात कालवलेली गोड पूड असे. मेस्त्रीचा नेम पक्का होता.

“बघा काका, थेट हातात! कधी चुकतो का?” तो म्हणायचा.

“तू चुकतोस कुठे? चुकते ती माझी होडी,” काका म्हणायचे.

तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. पण खरं सांगू? माझं कौतुक बाहेरूनच होतं. आत कुणी पाहतच नव्हतं.

पोहणं संपलं की माझ्या तळाशी दोन घोट उरायचे. मेस्त्री झाकण घट्ट लावायचा आणि मला होडीच्या पेटीत टाकायचा. पेटी उन्हात. आता विचार करा: ओल, साखर, ऊब आणि बंद झाकण. जंतूंना आणखी काय हवं? मंगळवारपर्यंत ते दोन घोट आंबायचे. गुरुवारी माझ्या भिंतींवर शेंबडासारखा बुळबुळीत थर चढायचा. झाकणात एक रबराची चकती होती, तिच्याखालच्या खाचेत काळी-करडी साय जमली होती. रविवारी मेस्त्री उरलेलं ओतून द्यायचा आणि त्या थरावरच ताजं पेय भरायचा.

एकदा बहिणीने विचारलं, “दादा, ही धुतोस ना रे?”

“अगं, दर अर्ध्या तासाला समुद्रात बुचकळतेय ती! आणखी काय धुवायचं? तुझ्या ताटवाट्यांपेक्षा स्वच्छ आहे.”

मित्रांनो, समुद्र माझ्या बाहेर होता. घाण माझ्या आत होती. एवढी साधी गोष्ट त्या हुशार माणसाच्या लक्षात आली नाही. इंजिनाचा कण न् कण पुसणारा तो माणूस!

पुढच्या रविवारी, चौथ्या तासाला, ती म्हणाली, “आंबट लागतंय.”

“तोंडात मीठ गेलंय तुझ्या. जीभ सुजली की सगळंच असं लागतं. पी गुमान!”

यात थोडं खरंही होतं. खाऱ्या पाण्याने जीभ सुजतेच. म्हणून तिने स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही, भावावर ठेवला. त्या क्षणी मला माझी जितकी शिसारी आली, तितकी कधीच आली नव्हती.

परीक्षेचा दिवस उजाडला. हंगामातली ती शेवटची तारीख होती. त्यानंतर पाणी फार गार होणार होतं. निरीक्षक बाई वही आणि घड्याळ घेऊन होडीत बसल्या. पहिल्या तासाला मासोळीचे हात मिनिटाला बासष्ट वेळा फिरत होते. तिसऱ्या तासाला साठ. मग माझ्यातलं पाचव्यांदा, सहाव्यांदा, सातव्यांदा तिच्या पोटात गेलं.

चार तासांनंतर तिला पहिली उलटी झाली. पांढरट, फेसाळ. लाटेने ती तिच्याच केसांत नेऊन चिकटवली.

“दोन घोट घे, बरं वाटेल!” मेस्त्री ओरडला, आणि मला फेकलं. नेम अचूक होता. ती प्यायली आणि पुन्हा ओकली. पाच तासांनी हात अठ्ठेचाळीसवर आले. तिचे ओठ जांभळे पडले.

“दादा, नको रे ते. वास येतोय.”

“नाटकं करू नकोस, मासोळे! दोनच तास उरलेत!”

निरीक्षक बाईंनी वही मिटली. “ती बाटली द्या इकडे.” त्यांनी झाकण उघडलं, केसांतली पिन काढली आणि रबराची चकती उचकटली. पिनेच्या टोकाला काळी साय लोंबत होती. काकांनी तोंड फिरवलं.

“मेस्त्री, तुम्ही यातलं कधी पिऊन पाहिलंत?”

“ते तिचं आहे. मी कशाला पिऊ?”

“प्या.”

त्याने एक घोट घेतला. गिळता आला नाही. होडीच्या कडेवरून थुंकला, पुन्हा थुंकला, आणि बाही तोंडावर दाबून तसाच वाकून राहिला. काकांनी आपल्या पेल्यात चांगलं पाणी ओतलं, पण एव्हाना मासोळीला पेला नीट दिसतही नव्हता.

“तुमचं घर कितव्या मजल्यावर?” ती भानावर आहे का हे पाहायला बाईंनी विचारलं. ती नुसती बघत राहिली.

हात लावला की परीक्षा संपली, हे मेस्त्रीला ठाऊक होतं. त्याने दोन्ही हात पाण्यात घातले आणि तिला काखेत धरून वर ओढलं. पाच तास चाळीस मिनिटं झाली होती. टॉवेलात गुंडाळल्यावर खूप वेळाने ती एवढंच म्हणाली, “मी सांगत होते.”

मला फेकूनच देणार होते. पण काकांनी मला घासून धुतलं, तिरकं कापलं, आणि होडीत साचलेलं पाणी उपसायला ठेवलं. त्या पाण्यात डिझेल असतं, माशांचे खवले असतात, कधी कुणाची उलटीही. मळमळतं मला. पण ते माझ्यात थांबत नाही. मला भरतात, उपडी करतात, झालं.

म्हणून, मित्रांनो, माझं एवढं ऐका. बाटलीचं झाकण खोला, रबर काढा, आत ब्रश घाला, आणि तिला उपडी ठेवून सुकवा. आणि कुणी वास येतोय म्हणालं, तर त्याची जीभ सुजली आहे असं सांगण्याआधी स्वतः हुंगून पाहा.

नव्या हंगामात मासोळी पुन्हा पाण्यात उतरली आहे. बाटली नवी आहे. ती हात पुढे करत नाही, आधी भावाकडे बघते. तो झाकण उघडतो, तिच्यादेखत एक घोट पितो, गिळतो. मगच दोरी सुटते.