जाड तारेची मागणी

मी एक सुईचा मीटर बोलतो आहे. पूर्ण नाव व्होल्ट-अँपिअर-ओहम बहुमापक. वय वर्षे चौतीस. त्यांपैकी एकतीस वर्षे किरिबासच्या एका दक्षिणेकडील बेटावर, दवाखान्याच्या बॅटरीखोलीत गेली. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, परंतु सुई अद्याप शून्यावर येऊन थांबते. या वयात एवढा अभिमान मला पुरेसा आहे.

सौरपट्ट्या बसविण्यास आलेल्या इंजिनिअरच्या पेटीतून मी येथे उतरलो. तो परत निघाला तेव्हा खोलीचा राखणदार इताआका त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, "साहेब, बूबूती." आमच्याकडे आप्ताने हा शब्द उच्चारून काही मागितले की नाही म्हणावयाचे नसते, नाही म्हणणाऱ्याची साऱ्या गावात शोभा होते. इंजिनिअर काही आप्त नव्हता, पण दोन वर्षे त्याने इताआकाच्या घरची मासळी आणि विलायती फणस खाल्ला होता. माझे धनी बदलले.

इताआका सहाच इयत्ता शिकलेला. माझ्याबरोबर आलेली पुस्तिका त्याने शब्दकोश मांडीवर घेऊन वर्षभरात वाचून काढली आणि तिच्यातील दोन वाक्ये दारावर खडूने लिहिली: 'व्होल्टला अँपिअरने भागले की अडथळा. व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती.' खडू पुसट झाला की तो पुन्हा गिरवी. मी केवळ आकडे पुरवितो. भागाकार आणि गुणाकार माणसाने करावयाचे असतात, आणि तेही प्रामाणिकपणे.

गेल्या वर्षी दवाखान्यातील लसींचा फ्रिज थोडा वेळ चालून कण्हत बंद पडू लागला. नर्स रोतियाने लसी बर्फाच्या पेटीत हलविल्या आणि ती आमच्या खोलीत आली.

"काका, उद्या सकाळी जहाज सुटतंय. फ्रिज राजधानीला धाडते."

"मागच्या वेळी धाडलेला अकरा महिन्यांनी परत आला, पोरी."

"मग काय करू? बर्फ परवापर्यंत टिकेल. अडतीस बाळांच्या लसी आहेत त्यात!"

फ्रिज उचलण्यासाठी इताआकाचा मेहुणा तेबानो याला बोलावले होते. तो दारात उभा असतानाच इताआकाने फ्रिजची जोडणी सोडून तारेच्या टोकांना मला लावले. मी साडेबारा व्होल्ट दाखविले. बॅटरीवरही साडेबाराच.

"म्हणजे वीज ठीक आहे. फ्रिजच गेला," रोतिया म्हणाली.

"नाहीतर मीटर गेला!" तेबानो हसला. "दाजी, तो तुमच्यासारखाच म्हातारा झालाय. एक चष्मा घेऊन द्या त्याला."

मला ते लागले. मी खोटे बोललो नव्हतो. मला प्रश्नच अपुरा विचारला गेला होता. फ्रिज सुटा असताना तारेतून थेंबभरही प्रवाह वाहत नव्हता. ओझे नसलेला हमाल सरळच उभा राहतो.

इताआकाने दारावर खडूने लिहिलेल्या 'अँपिअर' या शब्दावर बोट ठेवले. मग म्हणाला, "फ्रिज लाव. चालू असताना मोजतो."

फ्रिज घरघरला आणि माझी सुई साडेनवांवर घसरली. बॅटरीपाशी मात्र साडेबारा कायम. नंतर त्याने तारेचा एक जोड सोडून प्रवाहाच्या वाटेतच मला बसविले. मी पाच अँपिअर दाखविले.

पेन्सिल कागदावर चालू लागली. "तीन व्होल्ट वाटेत हरवले. तीन भागिले पाच, शून्य पूर्णांक सहा ओहम. तीन गुणिले पाच, पंधरा वॅट. फ्रिजच्या वाट्याची ताकद ही तार खातेय."

"पण काका, इथं तर जाड तार होती ना? ती कुठे गेली?"

मला उत्तर ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी तेबानोने होडीवरील दिव्यासाठी ती तार बूबूती म्हणून मागितली होती. इताआकाने निमूटपणे ती काढून दिली आणि तिच्या जागी ही बारीक तार ओढली. दिलेली वस्तू परत मागणे हा आमच्याकडे मागणाऱ्याचाच अपमान. इताआकाने मान खाली घातली. अकरा महिने फ्रिज नसला तरी त्याच्या तोंडून तो शब्द निघणार नव्हता.

पेन्सिल मात्र थांबली नव्हती. 'होडीचा दिवा: अर्धा अँपिअर. अर्धा गुणिले शून्य पूर्णांक सहा, हरवतील शून्य पूर्णांक तीन व्होल्ट.' त्याने कागद रोतियाकडे सरकविला आणि स्वतः खिडकीबाहेर पाहू लागला.

रोतियाने कागद दोनदा वाचला. ती तेबानोची दूरची भाची. ती त्याच्यापुढे सरळ उभी राहिली.

"तेबानोमामा, बूबूती. तुमच्या होडीवरची जाड तार."

"अगं ए! आणि माझा दिवा?"

"ही बारीक घ्या. अर्ध्या अँपिअरला मस्त पुरते. हे बघा, काकांनी मांडलंय."

तेबानोला कागदातले किती उमगले कोण जाणे, पण तो पोट धरून हसला. "वा दाजी! स्वतः तोंड उघडलं नाहीत, भाचीला पुढे केलंत!"

"मी कुठे काय मागितलं?" इताआका खिडकीतूनच म्हणाला. "मी भागाकार केला."

सूर्य मावळण्यापूर्वी जाड तार आपल्या जागी आली. चालत्या फ्रिजपाशी मी बारा व्होल्ट आणि वर थोडे दाखविले. इताआकाने माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली. दुसऱ्या दिवशी जहाज फ्रिजविना गेले.

आता आकड्यांचा नवा मीटर आला आहे आणि मी फळीवर असतो. तो हुशार आहे, पण त्यालाही मी जे सांगतो तेच आपणांस सांगतो: कोणाचेही बळ मोजावयाचे असेल तर त्याच्या खांद्यावर ओझे असताना मोजा, आणि मगच त्याला दोष द्या.

त्यानंतर बेटावर एवढेच बदलले: तार मागावयास येणारा आता बूबूती म्हणण्यापूर्वी ती किती अँपिअरसाठी हवी ते सांगतो.