कापून टाकलेली गल्ली

माझ्या मेहुण्याचं जुन्या नकाशांचं दुकान आहे. शंभर वर्षांपूर्वी झालेल्या मोजणीचा नकाशा तो नव्याने छापतो आणि लोक तो हातात धरून गावभर हिंडतात, कुठे काय होतं ते शोधत. माझ्या बायकोनेही एक आणला होता. तिला मला तिचं जन्माचं घर दाखवायचं होतं. ती गल्ली कधीच पाडली, तिथे आता बसडेपो आहे. पण नकाशात तरी असायला हवी होती.

नव्हती. गिरणीची भिंत आणि तिला लागूनच नदी.

"अहो, कोपरासारखी वळायची गल्ली," ती म्हणाली. "वळणावर तबेला. घोडे पाय आपटायचे ते आम्हाला घरात ऐकू यायचं."

तिने दुकानात भावालाच फोन केला. तो हसला. "ताई, आपण गिरणीच्या चाळीत राहायचो. तू भलतंच काहीतरी सांगतेस. डोकं तपासून घे."

गल्ली पाडली तेव्हा हा गडी बारा वर्षांचा होता.

त्यानंतर ती लहानपणाचं बोलेनाशी झाली. एखादी आठवण सांगायला लागायची आणि मध्येच थांबून मला विचारायची, "हे तरी घडलं होतं ना?" मला काय ठाऊक? मी तिथे नव्हतो. त्याच शंकेत वारली ती.

महिन्याभराने मी नकाशा परत द्यायला गेलो. त्याची वस्तू घरात नको होती.

"बसा, भाऊजी."

"बसायला नाही आलो."

टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीला कागदाची पट्टी चिकटवलेली. पट्टीवर रेघा दिसल्या म्हणून मी एक सोडवून पाहिली. कोपरासारखं वळण. वळणावर बारीक अक्षरात तबेला.

"हे काय आहे?"

"कातरण. बांधायला वापरतो."

"कशाची?"

त्याने मान खाली घातली. "दोन ताव जोडावे लागतात. कड जास्त कापली गेली. सगळी छपाई झाली होती. फेकून देऊ का?"

"म्हणून बहिणीला वेडी ठरवलंस?"

"सहज बोललो हो. तिने एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं?"

माझा हात उठला होता. दुकानात एक बाई नकाशे बघत होत्या म्हणून तो डिंकाच्या बाटलीकडे वळवला. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर, गिरणीच्या शेजारी, पट्टी चिकटवून टाकली.

"अहो, वाकडी लावलीत! नदी झाकली!"

"नदी लोक बाहेर जाऊन बघतील."

तो ब्लेड घेऊन धावला. पट्टीचा कोपरा खरवडला तर खालचा नकाशाच निघायला लागला. थांबला.

त्या बाई जवळ आल्या. "हे मी घेतलेल्या नकाशात नाही. काय होतं इथे?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"मला काय विचारतोस? जन्म तुझा झाला तिथे."

"तबेला होता," तो दात आवळून म्हणाला.

"आणि?"

"आमचं घर. वळणाच्या अलीकडे."

"कोण म्हणत होतं?"

बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्याचा चेहरा लाल झाला.

"ताई म्हणत होती. बरोबर म्हणत होती. झालं समाधान? आता निघा इथून."

मी माझा नकाशा टेबलावर ठेवला.

"उद्या येतो. उद्याच्या गिऱ्हाइकालाही सांगायचंय तुला."