वितळलेला बर्फ

मित्रांनो, दवाखान्याच्या बाकाशेजारी कोपऱ्यात टाकलेली ही निळी पेटी दिसते ना, ती मी. लसीची पेटी. वयाने आणि कामानेही मी आता जुनी झाले. माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही, तरी ती तुम्ही ऐकावी असं वाटतं.

कारखान्यात मला जाड भिंती दिल्या आणि झाकणाला काळ्या रबराची पट्टी बसवली. बाहेर कितीही ऊन असो, आतला बर्फ दिवसभर टिकवायचा, एवढंच माझं काम. बर्फ टिकला तर लस टिकते. पोलिओची लस तापली की तिच्यातला जीव जातो. दिसायला मात्र कुपी तशीच दिसते.

१९८३ साली मी भांडुपच्या एका दवाखान्यात आले. तिथल्या कुंदा सिस्टर मला खांद्याला अडकवून डोंगरावरच्या वस्तीत नेत. पायवाट खडी, सावली कुठेच नाही. वर पोहोचल्या की आधी माझ्यात हात घालून बघत. "गारेगार आहे हो अजून," असं त्यांनी म्हटलं की मला धन्य वाटे.

तिसऱ्या वर्षी रबराची पट्टी फाटली. सिस्टरांनी भांडार सांभाळणाऱ्या मधुकररावांना सांगितलं.

"वर लिहून दिलंय. येईल," ते म्हणाले.

दोन महिने गेले. सिस्टरांनी पुन्हा विचारलं.

"अहो, पेटी चालतेय ना? मग चालू दे की."

सिस्टर झाकणाला चिकटपट्टी लावून मला नेऊ लागल्या.

मे महिन्यातला तो गुरुवार होता. डोंगरावर चाळीसेक बाया पोरांना घेऊन उन्हात बसल्या होत्या. सिस्टरांनी माझ्यात हात घातला आणि तो तसाच राहिला. आत बर्फ नव्हता. कोमट पाणी होतं, आणि त्यात लसीच्या कुप्या तरंगत होत्या.

रांगेत पहिली होती मालन. मालवणकडची, गिरणी बंद पडल्याने नवरा घरी बसलेला, हिची चार घरची धुणीभांडी. कडेवर चार महिन्यांचा धाकू. त्याचा हा पहिलाच डोस.

"शिस्टर, जरा लवकर करा. माका कामार जावचा आसा."

सिस्टरांनी रांगेकडे पाहिलं. आज परत पाठवलं तर यातल्या किती जणी पुन्हा येतील? त्यांनी कुपी पुसली, धाकूचे गाल दाबले आणि दोन थेंब सोडले. मग दुसऱ्या पोराला, मग तिसऱ्या. मी उघडी पडून बघत राहिले.

पुढच्या डोसाची तारीख यायच्या आतच धाकूला ताप भरला. ताप उतरला, पण डावा पाय उचलेना.

कळलं तशा कुंदा सिस्टर डोंगर चढून गेल्या. मी खांद्यावर होतेच.

"मालनताई, त्या दिवशीचा डोस खराब झाला होता," त्या म्हणाल्या. "चांगल्या एका डोसानेही टळलंच असतं, असं मी म्हणत नाही. पण तो कामाचा नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं."

मालन धाकूचा पाय चोळत होती. चोळतच राहिली.

"ठाऊक होता तुमका?"

"हो."

"मगे त्याच दिसा सांगूचा व्हता. मी परत इलंय असतंय."

खाली येऊन सिस्टरांनी सगळं स्वतःच्या सहीने वरिष्ठांना लिहून दिलं. नव्या पेटीत लस घेऊन त्या पोरांना पुन्हा डोस द्यायला घरोघर फिरल्या. निम्म्या घरांनी दार लावून घेतलं. तेव्हा मालन धाकूला कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर चालू लागली. दारात उभी राही आणि त्याच्या पायावरचं फडकं बाजूला करी. काही दारं उघडली. सगळी नाही.

मला कामावरून काढलं. मधुकररावांनी मागवलेली पट्टी त्यानंतर आली. ती अजून कागदात गुंडाळलेली माझ्या पोटात पडून आहे.

मित्रांनो, वस्तू बिघडली की ती सांगू शकत नाही, ते माणसांनीच बघायचं असतं. आणि चूक कळली तर पुढे रेटू नका. आलेल्या माणसाला खरं सांगा, परत बोलवा. त्याच्यावर एवढा विश्वास ठेवा.

दर मंगळवारी मालन धाकूला पायाच्या व्यायामासाठी इथे घेऊन येते. तो आता तीन वर्षांचा आहे. बाकावर जागा नसली की ती त्याला माझ्या झाकणावर बसवते आणि त्याच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवते. उजवा पाय तो माझ्या अंगावर ठकठक आपटत असतो. डावा नुसता लोंबतो.