एनॉकने लांबवलेल्या पायऱ्या

इंग्लंडातल्या आमच्या नॉर्थविचमध्ये घर खचलं म्हणून कुणी रडत बसत नाही. जमिनीखालचं मीठ विरघळवून खारं पाणी उपसायचं, त्यावर अख्ख्या गावाने पोट भरायचं, मग वरची जमीन बसली तर तक्रार कुणाकडे करणार? भिंत कलली की टेबलाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवायचा आणि चहा ओतायचा.

माझ्या हेस्टर मावशीचा ‘करडा बगळा’ हा पब मात्र फारच खाली गेला होता. आत बसलेल्यांना खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. तिचे यजमान थॉर्लीकाका वारल्यापासून पब मावशीच चालवायची, मी तिच्या हाताशी असायचे. शेवटी तिने एनॉक बर्टल्सला बोलावलं. एनॉकचा धंदाच घरं उचलण्याचा. लाकडी सांगाड्याचं घर असलं की खाली जॅक लावायचे आणि त्याच्या माणसांनी त्याच्या शिट्टीवर ते एकदम फिरवायचे. माणूस आडदांड, बिनलग्नाचा, बोलायला कंजूस.

त्याने पब रिकामा करायला सांगितला. मावशी म्हणाली, शनिवार आहे, जमणार नाही.

“घर उचलताना आत माणसं नकोत, बाई,” एनॉक म्हणाला.

“माणसं नकोत, तर पब उचलायचा कशाला?”

एनॉकने मुकाट जॅक लावायला घेतले. पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती ती बसूनच राहिली. खारं पाणी आटवायच्या कढयांवर काम करणाऱ्या जेबेझ प्लॅटने तर काठोकाठ भरलेला पेला समोर ठेवला आणि दिवसभर त्याच्यावर नजर रोखली. घर हलल्याचं जाणवतही नव्हतं. फक्त खिडकीत आधी बूट होते, तिथे दुपारी कमरेचे पट्टे आले, मग चेहरे, आणि संध्याकाळी लोकांच्या टोप्यांचे शेंडे. पेल्यातला थेंबही सांडला नाही.

तेवढ्यात जेबेझची बायको केझिया त्याला न्यायला आली. त्याने दार उघडलं आणि पाय मागे घेतला. रस्ता माणूसभर खाली होता. जमीन पुढेही बसणार, म्हणून एनॉकने घर मुद्दाम जास्त उचललं होतं. पायऱ्या दोन दिवसांत करतो म्हणाला आणि तोवर शिडी लावून दिली. सगळे उतरले. मावशीने एकदा खाली वाकून बघितलं आणि आत जाऊन बसली. लहानपणी सफरचंदाच्या झाडावरून पडल्यापासून तिने शिडीला पाय लावला नव्हता.

धंदा मात्र जोरात चालला. शिडी चढायची मजा म्हणून पलीकडच्या गावातूनही लोक येऊ लागले. मावशी खाली उतरेना, म्हणून एनॉक रोज सकाळी पाव, मटण, कांदे असं काहीतरी घेऊन वर यायचा, आणि मावशीने दिलेला चहा पिऊन निघायला त्याला बराच वेळ लागायचा. पायऱ्या काही होईनात. आधी लाकूड ओलं निघालं. मग खिळे लहान पडले. मग एक पायरी म्हणे तिरकी होती.

एके दिवशी मी न्याहारीच्या आधीच शिडीपाशी पोचले, तर एनॉक पायऱ्यांना स्वतःच काल ठोकलेले खिळे उपटत होता. मी वर जाऊन मावशीला सांगितलं. मग बाह्या दुमडून तिने दार उघडलं.

“मिस्टर बर्टल्स, अख्खं घर एका दिवसात उचललंत. नुसत्या पायऱ्यांना पंधरवडा?”

एनॉकने हातोडी खाली ठेवली. “पायऱ्या झाल्या की माझं काम संपेल, बाई.”

“मग?”

“मग वर यायला कारण काय सांगू?”

रस्त्यावरून चाललेली केझिया टोपलीसकट थबकली.

“गिऱ्हाइकं काय कारण सांगून येतात?”

“मला गिऱ्हाईक म्हणून यायचं नाही.”

मावशी लाजेल असं मला वाटलं. तिने सरळ रस्त्याकडे पाठ केली, चौकट घट्ट धरली आणि शिडीवर पाय ठेवला. एकेका दांडीला शिव्या घालत ती उतरू लागली. निम्म्यावर दांडी घट्ट धरून थांबली.

“मी खाली आहे,” एनॉक म्हणाला.

“माहीत आहे. म्हणून तर उतरतेय.”

खाली पोचल्यावर तिने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताने उपटलेले खिळे दाखवून म्हणाली, “हे पुन्हा ठोका. क्रू गावाहून माझी बहीण येईल लग्नाला, तिचे गुडघे दुखतात.”

एनॉकला हसताना गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

लग्नाचं जेवण झालं ते मिठाच्या जुन्या खाणीत. एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. दोराने खाली सोडायच्या पाळण्यात बसून सगळे खाली गेलो. भिंतींना मेणबत्त्या लावलेल्या, आणि मीठ मधासारखं चमकत होतं. डुकराचं मांस होतं, चीज होतं, बिअरचं तर विचारूच नका. मी इतकी नाचले की बुटाची टाच तुटली. जेबेझने गाणं म्हटलं, तर पलीकडच्या अंधारातून दुसरा जेबेझ तेच गाणं म्हणू लागला.

केझियाने कपाळाला हात लावला. “माझा एकच वर घेऊन चला,” ती म्हणाली, “तो दुसरा इथेच राहू दे.”